‘डेटा गेला’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. तेव्हापासून संगणक बदला, नवे घ्या, असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. सल्ला बरोबर आहे. पण जुन्या संगणकावर वीस-पंचवीस वर्षं चालत आलेला एखादा प्रोग्रॅम आणि त्यात साठलेल्या नोंदी यांचं पुढे काय करायचं, हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही. माझ्यासारख्या लहान संस्थेत काम करणाऱ्या माणसाला खरी अडचण तिथेच येते. आमच्यावर ती आली, त्यातून आम्ही बाहेर पडलो, आणि ते कसं घडलं हे इतर ग्रंथालयांना, पतसंस्थांना, शाळांना कळावं म्हणून हे पत्र.

मी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे २१,६४० पुस्तकं आहेत. १९९९ साली गावातल्याच एका मुलाने आम्हाला देवघेवीचा प्रोग्रॅम करून दिला. तेव्हा चालायचं तसं व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम, आणि नोंदी ॲक्सेस ९७ या मायक्रोसॉफ्टच्या माहिती साठवण्याच्या प्रोग्रॅमच्या एका फाइलमध्ये. पुस्तकांची नावं मराठीत, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या ‘योगेश’ या फाँटमध्ये. कार्यकारिणीने त्याला अकरा हजार रुपये दिले होते. विंडोज ९८ च्या संगणकावर तो सुरू झाला, पुढे विंडोज एक्सपीवर आला, आणि गेल्या ऑगस्टपर्यंत एक दिवसही थांबला नाही. त्या संगणकाला इंटरनेट आम्ही कधीच जोडलं नव्हतं.

ऑगस्टच्या पावसात वीज येत-जात होती, त्यात त्याचा वीजपुरवठ्याचा डबा जळला. हार्डडिस्क मात्र शाबूत होती. देणगीतून नवा संगणक घेतला, त्यात विंडोज ११. ज्यांच्याकडून घेतला त्यांच्या माणसाने जुन्या डिस्कवरचं फोल्डर नव्यात टाकलं, दोन तास खटपट केली आणि मला सांगितलं, “मॅडम, फाइल करप्ट आहे. डेटा गेला. नवं सॉफ्टवेअर घ्या, पुस्तकं पुन्हा भरून देऊ, पुस्तकामागे चार रुपये पडतील.” म्हणजे ८६,५६० रुपये, आणि सॉफ्टवेअरचे वेगळे.

पैशापेक्षा मोठी अडचण होती ती दाखल नोंदवह्यांची. जुलै २०२१ च्या पुरात आमचं तळमजल्यावरचं कपाट पाण्यात होतं. १९९९ ते २००८ या काळातल्या नोंदवह्यांचा लगदा झाला. त्या काळात आलेल्या पुस्तकांचा दाखल क्रमांक, किंमत, देणगीदाराचं नाव हे सगळं आता फक्त त्या एका फाइलमध्ये होतं. वार्षिक तपासणीला जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांपुढे मी काय ठेवणार होते? त्या रात्री मला झोप आली नाही.

आमच्याकडे एक निवृत्त सर रोज सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येतात. तंत्रनिकेतनात त्यांनी संगणक शिकवला आहे. मी त्यांना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “बाई, करप्ट आहे हे कशावरून ठरवलं?” मी म्हटलं, नव्या ॲक्सेसमध्ये उघडून बघितली, उघडली नाही. तेव्हा सरांनी जे सांगितलं ते मला सगळ्या वाचकांना सांगायचं आहे. ॲक्सेस २०१३ पासूनच्या आवृत्त्या ॲक्सेस ९७ ची फाइल उघडतच नाहीत. फाइल ठणठणीत असली तरी नाही. नवा माणूस जुनी लिपी वाचू शकत नाही म्हणून पोथी फाटली असं होत नाही.

जुन्या डिस्कला त्यांनी हात लावू दिला नाही. ती एका डब्यात बंद केली, वर तारीख लिहिली, आणि सगळं काम प्रतीवरच केलं. एवढी एक गोष्ट प्रत्येकाने करावी. आधी प्रत, मग प्रयत्न.

प्रोग्रॅम सुरू करताच तो एका ओसीएक्स फाइलसाठी अडला. पडद्यावरचे तक्ते दाखवणारा तो भाग विंडोजबरोबर येत नाही. जुन्या डिस्कवरून आणून नोंदवल्यावर तो प्रश्न मिटला. मग खरा संदेश आला, ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड अँड नो डीफॉल्ट ड्रायव्हर स्पेसिफाइड’. विक्रेत्याचा माणूस इथेच थांबला होता.

याचा अर्थ मला सरांनी समजावला तो असा. आमचा प्रोग्रॅम फाइलीकडे थेट जात नाही. तो विंडोजला एक ठरलेलं नाव सांगतो, आणि त्या नावाची फाइल कुठे आहे, ती कोणत्या ड्रायव्हरने (म्हणजे फाइल वाचून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) वाचायची, ही नोंद विंडोजच्या ओडीबीसी नावाच्या यादीत असते. जुन्या संगणकावर ती नोंद १९९९ मध्ये त्या मुलाने केली होती. फोल्डर उचलून नव्या संगणकात टाकलं तरी ही नोंद बरोबर येत नाही. घर बदललं, सामान आलं, पण पोस्टात नवा पत्ता दिलाच नाही, तसं झालं.

पुढची अडचण अशी की आजच्या विंडोजमध्ये अशा याद्या दोन असतात. एक ६४ बिटच्या, म्हणजे नव्या पिढीच्या प्रोग्रॅमसाठी, एक ३२ बिटच्या, म्हणजे जुन्या पिढीच्या. आमचा प्रोग्रॅम ३२ बिटचा. दोन्ही याद्यांचं काम करणाऱ्या फाइलचं नावही एकच आहे, ओडीबीसीएडी३२. ६४ बिटवाली ‘सिस्टिम३२’ फोल्डरमध्ये बसते आणि ३२ बिटवाली ‘सिसवॉव६४’ मध्ये. नावातले आकडे नेमके उलटे! विक्रेत्याच्या माणसाने ६४ बिटची यादी उघडली होती. तिथे ॲक्सेसचा ड्रायव्हर दिसलाच नाही, म्हणून त्याने ६४ बिटचा ड्रायव्हर आणून बसवला आणि आमचं नाव तिथे नोंदवलं. मग संदेश बदलला, आता तो ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ म्हणू लागला. त्या माणसाला वाटलं, बिघाड वाढला. सर म्हणाले, संदेश बदलला ही चांगली बातमी होती. आधी नावच सापडत नव्हतं, आता नाव सापडलं आणि ड्रायव्हर चुकीच्या जातीचा निघाला. संदेश शब्दन्‌शब्द कागदावर उतरवायचा, ही सवय मला तेव्हापासून लागली.

स्टार्टमध्ये ओडीबीसी असं टाइप केलं की दोन्ही याद्या दिसतात, शेजारी कंसात ३२ किंवा ६४ लिहिलेलं असतं. ३२ बिटची उघडली तर ॲक्सेसच्या एमडीबी फाइलींचा ड्रायव्हर विंडोज ११ मध्ये आधीपासूनच होता. काहीही विकत घ्यावं लागलं नाही. चुकीची नोंद काढली, बरोबर यादीत तेच नाव अक्षरशः तसंच घातलं, फाइलीचा नवा मार्ग दाखवला. फाइलीला पासवर्ड होता. ज्या मुलाने प्रोग्रॅम केला तो आता पुण्यात असतो, त्याला मी फोन केला. त्याने लगेच सांगितलं, “काकू, ग्रंथालयाच्या स्थापनेचं वर्ष.” ते घातलं, आणि देवघेवीचा तोच जुना करडा पडदा उघडला. एकवीस हजार सहाशे चाळीस नोंदी. मला रडू आलं, हे लिहायला मला संकोच नाही.

आनंद पाचच मिनिटं टिकला. दाखल क्रमांक, किमती, ८९१.४६ हा मराठी साहित्याचा वर्गांक, सगळं बरोबर. पण पुस्तकांची नावं म्हणजे नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. या ठिकाणी मराठी संस्थांनी विशेष लक्ष द्यावं असं मला वाटतं, कारण ही अडचण इंग्रजीत काम करणाऱ्यांना येतच नाही आणि म्हणून मदतीच्या कुठल्याही पुस्तिकेत ती सापडत नाही.

१९९९ मध्ये गावातल्या संगणकावर युनिकोड मराठी नव्हतंच; युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला आकडा देण्याची पद्धत. विंडोज ९८ ला देवनागरी कळत नव्हती, ती विंडोज २००० पासून कळू लागली. त्यामुळे तेव्हाच्या फाँटांनी युक्ती केली होती. युरोपीय भाषांतल्या टिंबं-रेघा लावलेल्या रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. फाइलीत साठवले जातात ते त्या रोमन अक्षरांचे आकडे. मराठी दिसते ती फक्त फाँटामुळे. म्हणून आधी ‘योगेश’ फाँट जुन्या डिस्कवरून नव्यात बसवला. तरी प्रश्नचिन्हं तशीच. शोधता शोधता कळलं की विक्रेत्याच्या माणसाने ‘मराठी दिसावी’ म्हणून विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीची एक खूण करून ठेवली होती. नव्या प्रोग्रॅमांना ती चालते, पण जुना प्रोग्रॅम ज्या आकड्यांवर विसंबून आहे त्यांचा अर्थच तिने बदलतो. खूण काढली, संगणक पुन्हा सुरू केला, आणि नावं उजळून आली. त्याचा हेतू चांगला होता, मी त्याला दोष देत नाही. त्याला कुणी हे शिकवलंच नव्हतं.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. आधीच्या अडचणींत निदान पडद्यावर काहीतरी संदेश येत होता. इथे काहीच आलं नाही.

देवघेव सुरू होऊन सहा दिवस झाले. सकाळची पाळी आमचे सहायक सांभाळतात, संध्याकाळची मी. दोघांची संगणकावर वेगवेगळी खाती आहेत. सातव्या दिवशी संध्याकाळी एक आजी पुस्तक परत द्यायला आल्या. त्यांच्या कार्डावर तारखेचा शिक्का होता, सहायकांची सही होती, आणि संगणक म्हणत होता की हे पुस्तक कुणाला दिलेलंच नाही. मला वाटलं सहायक नोंद करायला विसरले. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर संशय घेतला. पंधरा वर्षं एकत्र काम केलेल्या दोन माणसांमध्ये त्या संध्याकाळी जे बोलणं झालं ते व्हायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी शोधून काढलं. फोल्डर अजून विक्रेत्याच्या माणसाने ठेवलं तिथेच, ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये होतं. त्या जागी साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. आणि विंडोज व्हिस्टापासून जुन्या प्रोग्रॅमने तिथे लिहायचा प्रयत्न केला तर विंडोज त्याला अडवत नाही, काही सांगतही नाही. गुपचूप त्या वापरकर्त्यापुरती फाइलीची वेगळी प्रत करतं आणि पुढचं सगळं त्या प्रतीत लिहू देतं. ही प्रत ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये जाते, आणि हे फोल्डर ज्या फोल्डरच्या पोटात असतं ते नेहमीच्या यादीत दिसतही नाही. म्हणजे आमच्याकडे आता एका ग्रंथालयाच्या तीन फाइली होत्या. एक मूळ, पहिल्या दिवशी होती तशीच. एक सहायकांची. एक माझी. दोघंही मनापासून काम करत होतो आणि दोघंही वेगवेगळ्या वहीत लिहीत होतो.

देवघेवीच्या १४३ नोंदी आम्ही कार्डं समोर ठेवून हाताने जुळवल्या, त्याला दीड दिवस लागला. पण वर्गणीच्या पावत्यांचं काय? पुढचा पावती क्रमांक प्रोग्रॅम फाइलीतून घेतो. फाइली दोन, म्हणून तोच क्रमांक दोनदा निघाला. एकतीस पावत्या अशा होत्या की एकाच क्रमांकाच्या दोन, दोन वेगळ्या सभासदांच्या नावाने. त्यांना ‘अ’ जोडून नवे क्रमांक दिले, प्रत्येक सभासदाला फोन केला आणि कार्यकारिणीच्या इतिवृत्तात ते लिहून घेतलं. ग्रंथालयात हे निभावलं. पतसंस्थेत हाच प्रकार खातेदारांच्या पैशांबाबत घडला तर काय होईल, या विचाराने मी हे इतकं सविस्तर लिहिते आहे. आपल्या संस्थेत जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर दोन माणसं वापरत असतील तर आजच एकाने एक नोंद करावी आणि दुसऱ्याने आपल्या खात्यातून ती दिसते का पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे.

उपाय सोपा होता. फोल्डर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधून काढून सी ड्राइव्हवर ‘ग्रंथालय’ नावाने वेगळं ठेवलं. त्या पूर्ण फोल्डरमध्ये दोघांनाही लिहिण्याची परवानगी दिली; नुसत्या फाइलीला देऊन भागत नाही, कारण ॲक्सेस शेजारी कुलपाची एक छोटी फाइल तयार करतं आणि काम संपलं की पुसतं. ओडीबीसीतली नोंदही ‘युजर’ ऐवजी ‘सिस्टिम’ प्रकारात केली, म्हणजे ती संगणकावरच्या सगळ्या खात्यांना सापडते.

हा प्रोग्रॅम आता आणखी पंचवीस वर्षं चालवावा असं माझं म्हणणं नाही. जोडणी मिळवायची ती नोंदी सुखरूप बाहेर काढण्यासाठी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि आज कुणालाही मोफत वापरता येणारी कोहा आहे. आम्ही तिकडे जाणारच आहोत. पण तिकडे जायचं तर नावं युनिकोडमध्ये हवीत, आणि हे रूपांतर म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर ठेवणं नव्हे. ‘कविता’ लिहिताना जुन्या फाँटात पहिली वेलांटी ‘व’च्या आधी साठवलेली असते, जशी ती हाताने लिहिताना आधी येते. युनिकोडमध्ये आधी ‘व’, मग वेलांटी. ‘सूर्य’ शब्दातला रफार जुन्या फाँटात ‘य’नंतर येतो, युनिकोडमध्ये त्याचा ‘र’ ‘य’च्या आधी लागतो. सरांनी त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो आधी पन्नास नावांवर चालवून पाहिला, मग पाचशे, मग सगळ्या. आणि पहिल्यांदाच आमची यादी खऱ्या मराठी वर्णक्रमाने लागली. फाँटातल्या आकड्यांप्रमाणे ती कधीच नीट लागत नव्हती, आणि इतकी वर्षं आम्ही ते चालवून घेत होतो.

यातून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली संस्थांच्या कार्यकारिणींना. सॉफ्टवेअर घेताना करारात लिहून घ्या की नोंदी कोणत्या प्रकारच्या फाइलीत आहेत, तक्त्यांची नावं व रचना काय, पासवर्ड काय, आणि मागू तेव्हा सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत मिळतील. तो कागद दाखल नोंदवहीच्या कपाटात ठेवा. आमचा मुलगा फोनवर सापडला आणि त्याला आठवलं, हे आमचं भाग्य. प्रत्येक गावात तसं होईलच असं नाही.

दुसरी मागणी ग्रंथालय संचालनालयाला. दरवर्षी ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण होतं, त्यातला एक दिवस याला द्यावा. १९६७ च्या कायद्याने राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. त्यातल्या ज्यांनी हौसेने लवकर संगणक घेतला, तीच आज अशा फाइलींवर बसली आहेत. त्यांनी घाई केली नव्हती, काळाच्या पुढे पाऊल टाकलं होतं. त्यांच्या नोंदी वाचवायला सरकारने एक दिवस द्यावा, एवढंच मागणं आहे.

आम्ही केलेल्या कामाचा क्रम मी मराठीत दोन पानांवर लिहून काढला आहे. जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रंथालयाने तो येऊन घेऊन जावा, जुनी डिस्क बरोबर आणली तर सर बघायलाही तयार आहेत. आमच्याकडे अजून चारशेच्या आसपास नावांतली जोडाक्षरं तुटलेली आहेत. महाविद्यालयातल्या दोन मुली शनिवारी दुपारी येतात, फळीवरून एकेक पुस्तक हातात घेतात, मुखपृष्ठावरचं नाव मोठ्याने वाचतात, आणि सहायक ते पडद्यावर दुरुस्त करतात. मार्चच्या तपासणीआधी ते पूर्ण होईल.

आपली,
एक ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)